बोर्डावर 'पिट स्टॉप' लिहिलंय, म्हणून घड्याळ लावून पाहिलं

चिपळूण सोडून संगमेश्वराकडे निघालं की हायवेच्या कडेला टायरच्या दुकानांची रांगच लागते. त्यातल्या एकाच्या बोर्डावर नावाखाली ठसठशीत अक्षरात 'पिट स्टॉप सर्व्हिस' असं रंगवलंय. पिट स्टॉप म्हणजे मोटार रेसमध्ये चाकं बदलायला आणि पेट्रोल भरायला घेतलेला काही सेकंदांचा थांबा. स्वतःच तशी जाहिरात केलीय म्हटल्यावर मापही तेच लावायला हवं.

डेटोना 500 या अमेरिकेतल्या मोटार रेसमध्ये हल्ली चारही चाकं बदलून आणि पेट्रोल भरून गाडी साधारण 10-11 सेकंदांत सुटते. थांब्याच्या जागेची भिंत ओलांडून पाचच माणसं येतात: दोघे गनवाले (गन म्हणजे नट फिरवणारं हवेचं यंत्र), एक टायर आणणारा, एक जॅकवाला, एक पेट्रोलवाला. इथे तिघं आहेत आणि एक पंक्चर चाक उतरवून स्टेपनी चढवायला पावणेपाच मिनिटं लागली. हसू नका, हायवेच्या मानाने हे उत्तम आहे.

वेळ वाचतो तो जॅक लावण्याआधी. गाडी उभी राहते ती सिमेंटच्या कोब्यावर. इतर ठिकाणी जांभ्याच्या मातीवर जॅक लावतात. पावसात तो रुततो, मग फळी शोधा, पुन्हा उचला. इथे चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट पाव फेरा ढिले करतात, मग उचलतात. उतरवलेले नट थेट लोखंडी वाटीत, मातीत नाहीत. रेसमध्ये याच नटांसाठी काय काय केलं जायचं! 2021 पर्यंत प्रत्येक चाकाला पाच नट असत, ते आधीच रिमला गोंदाने चिकटवून ठेवत, आणि स्टडच्या (ज्यावर नट बसतो त्या बोल्टच्या) टोकाला मुद्दाम आटे ठेवत नसत, म्हणजे नट तिरका न धरता सरळ बसावा. 2022 पासून मधोमध एकच मोठा नट आला.

तो एक नट गनने आवळून गाडी सुटते, हे खरं. पण आपल्या गाडीचे चार-पाच नट तसे आवळायचे नसतात, आणि या दुकानाचं घोडं इथेच अडतं. शेवटची आवळणीही गननेच करतात. बहुतेक छोट्या गाड्यांना 85 ते 110 न्यूटन-मीटर पुरतात (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो). गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. मग स्टड ताणला जातो, डिस्क वाकडी होते, आणि कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक लावला की पेडल थरथरतं. वर, रस्त्यात पुन्हा पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्ह्याने नट हलतही नाही. टॉर्क पान्हा (किती जोराने आवळलं ते मोजणारा पान्हा) दुकानात आहे, खुंटीला टांगलेला. मागितला की काढतात. गनने नुसते टेकवायला सांगा, गाडी खाली घेऊन समोरासमोरचे नट आळीपाळीने पान्ह्याने आवळून घ्या, आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पंक्चरचं काम मात्र नावाजण्यासारखं. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात टायरमधून निघतो तो बहुधा आंब्याच्या पेटीचा खिळा: बारीक, लांब आणि तिरका घुसलेला. तिरक्या भोकात बाहेरून स्ट्रिप (रबराची चिकट पट्टी) खुपसली की भोक पुरतं भरत नाही आणि आठवड्याभरात हवा उतरते. इथे टायर रिमवरून काढून आतून घासतात, सोल्युशन लावून दोन-तीन मिनिटं थांबतात, ते बोटाला चिकट लागलं की मश्रूम (छत्रीच्या आकाराचा रबरी बूच) आतून ओढून वरून रोलर फिरवतात. ती तीन मिनिटं घाई केली की मश्रूम सुटलाच. भोक 6 मिलिमीटरपेक्षा मोठं किंवा टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर सरळ नाही म्हणतात. हा मोठा गुण.

खिळा सापडत नाही आणि हवा तर जातेय, अशी गाडी किनाऱ्यालगत नेहमीची. खाऱ्या हवेने लोखंडी रिमची कड गंजते आणि बीडमधून (टायरची रिमला टेकणारी कड) आठवड्याला दोन-तीन पीएसआय निसटतात. साबणाचं पाणी कडेवर टाकतात, बारीक फेस आला की रिम तारेच्या ब्रशने साफ करून बीड सीलर लावतात. नायट्रोजनचा आग्रह धरत नाहीत. रेसमध्ये तो वापरतात कारण कोरडा असतो, तापल्यावर दाब किती वाढेल याचा अंदाज चुकत नाही. आपल्याला कोरडी साधी हवा चालते. फक्त जुलैमध्ये कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज सकाळी सोडतात का एवढं विचारा.

आणि नवे टायर गळ्यात मारत नाहीत. 1963 ची डेटोना 500 टायनी लंड या ड्रायव्हरने वुड ब्रदर्स संघाच्या गाडीवर एकही टायर न बदलता जिंकली. 1981 मध्ये ड्रायव्हर रिचर्ड पेटीचा क्रू चीफ (संघाचा मुख्य मेकॅनिक) डेल इनमन याने शेवटच्या थांब्यात फक्त पेट्रोल भरून त्याला सोडला, आणि पेटीने सातव्यांदा ही रेस मारली. इथला मालकही आधी टायरच्या खाचेत खोली मोजायचा गेज घालतो. कायद्याने 1.6 मिलिमीटर चालतं, पण कोकणच्या पावसासाठी तो 3 धरतो, ते बरोबरच आहे. त्यावर असेल तर परत पाठवतो.

दोनच टायर घ्यायचे झाले तर मात्र सवयीने पुढे चढवतात. डेटोनात गाडी सतत डावीकडे वळते, भार उजव्या बाजूवर येतो, म्हणून दोनच घ्यायचे तर उजवे घेतात. आपल्याकडे नवी जोडी मागे हवी: साचलेल्या पाण्यावर मागची चाकं आधी तरंगली की गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं पुढची घसरण सावरण्यापेक्षा अवघड. हे काम सुरू होण्याआधीच सांगा, कारण एकदा बॅलन्सिंग झालं की अदलाबदलीचे पैसे वेगळे लावतात.

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत इथे जाऊ नका. मुंबईच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते आणि तेव्हा सगळ्यांनाच स्ट्रिप मिळते.