डिझेल पिकअपला लो प्रेशर गेज, जादा फिल्टर आणि स्कॅनर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

गाडी कॉमन रेल डिझेल पिकअप, कायम माल भरलेली आणि चढाच्या रस्त्यावर. कॉमन रेल म्हणजे हाय प्रेशर पंप डिझेल जबर दाबाने एका जाड नळीत (रेलमध्ये) भरतो, आणि तिथून ते इंजिनात फवारणाऱ्या इंजेक्टरना मिळतं. हा पंप निकामी झाला की खर्च पंपापुरता राहत नाही, म्हणून डिझेलच्या लाइनवर तीन गोष्टी लावून घेतल्या. इंजिनवरच्या फिल्टरच्या आधी पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर, हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी लो प्रेशर गेज, आणि रेल प्रेशर मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर. उन्हात आणि कडक थंडीत, दोन्हींत वापरून झालं. उद्या यातली एकच वस्तू ठेवायला सांगितली तर मी गेज ठेवेन.

कारण साधं आहे. बहुतेक गाड्यांत सेन्सर असतो तो रेलवर. रेलमध्ये प्रेशर कमी पडलं एवढंच ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळतं, कुणामुळे पडलं ते कळत नाही. मग पी००८७ कोड येतो, ‘रेल प्रेशर कमी’, आणि तो वाचून कुणीही बेधडक सांगतो की पंप गेला. पण हाय प्रेशर पंपाला डिझेल पुरवतो टाकीतला लिफ्ट पंप, वाटेत जाळी, होज आणि फिल्टर. तिथेच कमी पडत असेल तर नळाला पाणी नाही आणि शिव्या बादलीला, असा प्रकार होतो.

माझ्याकडे नेमकं तेच झालं. भरल्या गाडीने चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी ओढायची थांबायची, इंजिनचा दिवा लागायचा, कोड पी००८७. सपाटीवर पुन्हा सगळं ठीक. वर्कशॉपमध्ये पंप आणि चारही इंजेक्टर बदलायचा सल्ला मिळाला. गेज मात्र वेगळं सांगत होतं. एरवी ४ बारच्या वर राहणारा काटा चढावर २ च्या खाली येत होता, आणि तोही टाकी पाव भागाच्या खाली गेली की. रेल प्रेशर त्यानंतर पडायचं, आधी नाही. कोण आधी पडतं हा क्रम निदानात फार महत्त्वाचा आहे, आणि तो कोड वाचून कधीच कळत नाही.

गेजचा टी-जॉइंट फिल्टरच्या आधी हलवून बघितला, तिथेही प्रेशर कमीच. म्हणजे फिल्टर निर्दोष. (आधी भरपूर आणि नंतर कमी असतं तर फिल्टर चोक, तेवढ्यावर विषय संपला असता.) मग लिफ्ट पंपाच्या कनेक्टरवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजलं. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर आधी रिले, वायर आणि अर्थिंग बघायचं. इथे व्होल्टेज बरोबर होतं. टाकी उतरवली तर लिफ्ट पंपाच्या जाळीवर काळा बुळबुळीत थर. टाकीच्या तळाला पाणी साठलं की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू-बुरशी वाढते, त्याचा हा गाळ. टाकी धुतली, जाळी बदलली, काटा जागेवर आला. हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर आजही तेच आहेत.

लो साइड (टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतची लाइन) ठीक असूनही रेल कमी पडत असेल, तर पुढे स्कॅनर कामाला येतो. त्यात दोन आकडे शेजारी लावून बघायचे: ईसीयूने मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं. आयडलला साधारण २५० ते ४०० बार आणि पूर्ण लोडवर १६०० ते २००० बार हा बऱ्याच कॉमन रेल इंजिनांचा पल्ला. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. दोन आकड्यांतली दरी लोडवरच वाढते की आयडललाही आहे, ते पाहायचं. सेल्फ मारताना रेल १५० बारपर्यंतही चढत नसेल तर बहुतेक इंजिनं उठत नाहीत, आणि तिथेही पंपाच्या आधी संशयित बरेच आहेत. इंजेक्टरची रिटर्न गळती (टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनमध्ये जास्त डिझेल सुटणं) हा पहिला. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवायचं. एका बाटलीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल आलं तर चोर सापडला. रेलवरचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) गळतो का, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) अडकतो का, हे त्यानंतर. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो: जुन्या इंजिनासारखा चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करून बघायचा प्रकार कॉमन रेलवर कधीही करू नका. त्यातून सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते, आणि वरून जखम सुईएवढीच दिसते. तसं झालं तर थेट हॉस्पिटल.

हाय प्रेशर पंप खरंच गेलाय की नाही हे ओळखायची सगळ्यात विश्वासू खूण म्हणजे धातूचा चुरा. मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याच्या जाळीवर उजेड मारायचा, फिल्टरच्या भांड्यातलं डिझेल पांढऱ्या डब्यात ओतून बघायचं. चंदेरी चमक दिसली की गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. बॉश कंपनीच्या सीपी४ या हाय प्रेशर पंपावर इतकी चर्चा होते ती याचमुळे. त्यात कॅमवर (फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यावर) रोलर फिरतो. रोलर धरणारा टॅपेट आपल्या जागी वळला की रोलर फिरायचं सोडून कॅमवर घासतो, आणि तो चुरा रेल, इंजेक्टर आणि रिटर्नमधून टाकीपर्यंत पोचतो. मग सगळी डिझेल सिस्टीमच बदलावी लागते. अमेरिकेत २०२१ मध्ये ६.७ लिटर कमिन्स इंजिनच्या २०१९ आणि २०२० च्या राम पिकअप परत बोलावल्या, त्या याच पंपासाठी. सीपी४ साठी बायपास किट मिळतो. तो पंपाच्या पोटातलं डिझेल रेलकडे न पाठवता रिटर्नला वळवतो, म्हणून पंप मेला तरी इंजेक्टर वाचायची शक्यता वाढते. पंप वाचवायचं काम तो करत नाही. जाहिराती वाचून अनेकांचा उलटा समज होतो.

या पंपांना इंजिन ऑइल मिळत नाही, डिझेल हेच त्यांचं वंगण. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणाही जातो, म्हणून रिफायनरीनंतर त्यात वेगळं ॲडिटिव्ह घालतात. या वंगणपणाच्या तपासणीत ६० अंश सेल्सिअसच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी तबकडीवर घासतात आणि पडलेला ओरखडा मोजतात: युरोपच्या ईएन ५९० या डिझेलच्या मानकात मर्यादा ४६० मायक्रॉन, अमेरिकेत ५२०. आकडा जितका लहान तितकं चांगलं. बाटलीतलं ॲडिटिव्ह मीही काही महिने घातलं. ‘इंजिन मऊ चाललं’ वगैरे मला काहीच जाणवलं नाही, आणि जाणवावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. त्याचा उपयोग झाला तर तो पंपाच्या आत, डोळ्याआड. डिझेल भरवशाचं असेल तर मी तरी आग्रह धरणार नाही. रॉकेल मिसळलेलं डिझेल मात्र पंपाचा वैरी. चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावी ऑनसुद्धा करू नये, कारण अनेक गाड्यांत चावी फिरवताच टाकीतला पंप ते पुढे ढकलायला लागतो.

आता जादा फिल्टर. काम चोख करतो, एका भरणीनंतर त्याच्या भांड्यातून अर्धा कपभर पाणी निघालं, जे पुढे गेलं असतं. पण तक्रारी आहेत. खडबडीत रस्त्यावर पाण्याचा सेन्सर उगाच बोंबलतो. फिल्टर जोडल्यावर गेजचा काटा थोडा उतरला. नवा असताना एवढा अडथळा, तर जुना झाल्यावर किती, म्हणून छापील मुदतीआधीच बदलतो. नवा फिल्टर बसवताना त्यात वरून डिझेल ओतू नये, ते न गाळलेलं डिझेल स्वच्छ बाजूने थेट पंपात जातं. चावी ऑन-ऑफ करून लिफ्ट पंपानेच भरू द्यावा. एअर राहिली तर पंप तेवढा वेळ कोरडा घासतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लांब सेल्फ खात असेल तर फिल्टरनंतर थोडा पारदर्शक होज लावून बुडबुडे बघा. माझ्याकडे एकदा झाकणाचा ओ-रिंग चिरलेला निघाला. चालू गाडीत तिथे प्रेशर असल्याने डिझेल बाहेर पाझरायचं, उभी राहिली की हवा आत.

सवय म्हणाल तर एकच बदलली: टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही. गरम रिटर्न डिझेल थोड्याशा साठ्यात मिसळलं की ते पातळ होतं, आणि तळाचा गाळही ओढला जातो.

स्कॅनरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एका वेळी पाच-सहा आकडे लावले तर रखडतो, दोनच ठेवले तर ठीक. जादा फिल्टरचा ब्रॅकेट मात्र मी चासीच्या आतल्या बाजूला हलवून घेणार आहे, कारण आताच्या जागी ड्रेन कॉकला हात पोचत नाही आणि खालून दगड लागतात.