तळपणच्या मुखाशी भाड्याची कयाक

दक्षिण गोव्यातली तळपण नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मासेमारीसाठी भाड्याने मिळणारी कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, मला मनापासून आवडली. रुंद बुडाची, वर बसायची; आठ नंबरचा फ्लाय रॉड (फ्लाय, म्हणजे पिसं-केसांचं हलकं नकली आमिष, फेकायची काठी) फिरवतानाही डुगडुगत नाही. फ्लायची जाड दोरी पायांपाशी गोळा होते आणि जरा कुठे खुंटी वर आलेली असली की नेमकी तिथेच अडकते. मालकाने त्या खुंट्यांवर ओलं फडकं अंथरून दिलं, दोरी शेवटपर्यंत मोकळी सुटली! भरती चढताना खडकांच्या कडेने पांढरा-हिरवा क्लाउझर, म्हणजे छोट्या माशासारखा दिसणारा फ्लाय, ओढला, तर तांबोशी माशाने असा हिसका दिला की कयाकचं तोंडच फिरलं. नांगर मात्र हलका आहे, ओहोटीत घसरतो. तो बदलायलाच हवा. परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुऊन देतात. दुपारी वारा उठतो, पहाटेचीच वेळ मागून घ्या.