नॉक्सव्हिलचं विमेन्स बास्केटबॉल हॉल ऑफ फेम: पॅट समिट समजून घ्यायच्या तर इथे जा

अमेरिकेत टेनेसी राज्यात जाणार असाल आणि बास्केटबॉलची थोडी जरी आवड असेल तर नॉक्सव्हिलचं हे म्युझियम अजिबात चुकवू नका, माझ्याकडून पाचपैकी पाच. शोधत बसावं लागत नाही, 30 फूट उंच आणि 10 टन वजनाचा बास्केटबॉल बसवलाय तो लांबूनच दिसतो. 1999 ला हे सुरू झालं आणि पहिल्याच बॅचमध्ये ज्यांना मान मिळाला त्यात टेनेसी युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या टीमच्या कोच पॅट समिट होत्या, मी गेले ती मुख्यतः त्यांच्यासाठीच.

समिट बाईंचं करिअर लोक आकड्यांत सांगतात. एकाच युनिव्हर्सिटीत 38 सीझन, 1098 विजय, 8 नॅशनल चॅम्पियनशिप, 1997-98 ला तर 39 पैकी 39 मॅच जिंकल्या. रिटायर झाल्या तेव्हा डिव्हिजन वनमध्ये (अमेरिकेतल्या कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी), मुलांचे-मुलींचे सगळे कोच धरून, एवढे विजय कुणाच्याच नावावर नव्हते. हे सगळं खरंच आहे, पण बाईंनी हातात घेतला तेव्हा मुलींचा खेळ कुठल्या अवस्थेत होता हे आकड्यांतून कळत नाही, आणि ते कळावं म्हणून इथे जायचं.

मला सगळ्यात जास्त आवडली ती ऑल अमेरिकन रेड हेड्सची लिमोझिन. ही 1936 ला सुरू झालेली बायकांची प्रोफेशनल टीम, गावोगाव फिरायची आणि पुरुषांच्या टीमशी पुरुषांच्याच नियमांनी खेळायची, अख्खी टीम गाडीत कोंबून पुढच्या गावाला. त्या लांबलचक गाडीसमोर मी बराच वेळ उभी होते. कारण त्याच काळात शाळा-कॉलेजातल्या मुलींना मात्र पूर्ण कोर्टवर पळूच देत नव्हते! स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन यांनी 1890 च्या दशकात मुलींसाठी खेळ सुरू केला (त्यांचे उपकार मोठेच आहेत) तेव्हा कोर्टचे तीन भाग केले होते आणि आपला भाग सोडून जायचं नाही असा नियम. पुढे सहा-सहा जणींचा खेळ आला, तिघी फक्त अटॅक करणार, तिघी फक्त डिफेन्स, मधली रेष कुणी ओलांडायची नाही. टेनेसीच्या हायस्कूलमध्ये हे 1970 च्या दशकाच्या शेवटापर्यंत चालू होतं. म्हणजे विचार करा, डिफेन्समधल्या मुलीने शाळेत असेपर्यंत मॅचमध्ये एक शॉट मारलेला नाही, तिला कॉलेजची टीम घेणार कशी? समिट बाई या नियमाविरुद्ध उघड उभ्या राहिल्या. माझ्या मते त्यांच्या 8 ट्रॉफ्यांइतकंच हे काम मोठं आहे, पण त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

हे पाहून झालं की मग 1974 नीट समजतं. शाळा-कॉलेजात मुलामुलींत भेदभाव करता येणार नाही हा टायटल नाइनचा कायदा येऊन दोनच वर्षं झालेली, आणि 22 वर्षांच्या पॅटच्या हातात टेनेसीची टीम आली. महिन्याला 250 डॉलर पगार, मॅचला जायची व्हॅन स्वतः चालवायची, टीमचे कपडे स्वतः धुवायचे. पहिली मॅच मर्सर युनिव्हर्सिटीकडून 84-83 अशी एका पॉइंटने हरल्या. वर स्वतःच्या गुडघ्याची दुखापत, त्यातून उठून 1976 च्या ऑलिम्पिकमध्ये खेळाडू म्हणून सिल्व्हर आणि 1984 ला कोच म्हणून गोल्ड. मुलांच्या टीमचं कोच व्हा म्हणून विचारलं तेव्हाही नाही म्हणाल्या. आणि त्यांच्याकडे कॉलेजची खेळायची सगळी वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलीने डिग्री घेतली, एकही अपवाद नाही. कॉलेजचा कोच कसा असावा तर असा, मला दुसरं काही सांगताच येणार नाही.

एक आधीच सांगते, हे फक्त समिट बाईंचं स्मारक नाही, पूर्ण खेळाचं म्युझियम आहे, त्यामुळे एकाच माणसाचं सगळं बघायचं म्हणून जाऊ नका. त्यासाठी नंतर युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर जा, थॉम्पसन-बोलिंग अरेनासमोर पॅट समिट प्लाझा आहे, 2013 पासून तिथे त्यांचा पुतळा आहे. आत जायला मिळालं तर अजूनच छान, तिथल्या कोर्टला त्यांचंच नाव आहे. 2011 ला अल्झायमर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि तरी त्या पुढचा पूर्ण सीझन कोच म्हणून बेंचवर होत्या, ते याच कोर्टवर. 2016 ला गेल्या, अवघ्या 64 व्या वर्षी. आजही वाईट वाटतं.

मुलं बरोबर असतील तर म्युझियमला वेळ जास्त ठेवा, खाली कोर्ट आहे, ड्रिबलिंग, पासिंग करता येतं आणि वेगवेगळ्या काळातल्या बास्केटमध्ये शॉट मारून बघता येतात, पोरं तिथून हलत नाहीत. मोठ्यांनीही स्पोर्ट्स शूज घालूनच जा, नुसतं बघत उभं राहवत नाही.