वाळवीसाठी काय वापरावं: माळ्यावरची गॅमेक्सिन की आजची औषधं?

कोकणातलं जुनं घर दुरुस्तीला काढलं की वाशांवर मातीच्या रेघा दिसतातच. मग कुणीतरी सांगतं, "आजची औषधं म्हणजे नुसतं पाणी. गॅमेक्सिन एकदा टाकली की दहा वर्षं बघायला नको." आमच्या माळ्यावरही गंजलेल्या डब्यात ती निघाली. झाकण उघडायच्या आधीच कुबट वास नाकात.

टिकते हे खरंच, आणि तोच तिचा दोष. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी (बेंझिन हेक्झाक्लोराइड), क्लोरीन असलेलं जुनं कीटकनाशक. त्यात कीटक मारणारा गॅमा घटक जेमतेम १० ते १५ टक्के, बाकी सगळं फुकटचं ओझं. त्या ओझ्यातला बीटा घटक सर्वांत चिवट: चरबीत साठतो, गाईच्या दुधात उतरतो, आईच्याही. बीएचसीवर भारतात १९९७ पासून बंदी आहे. नुसता गॅमा वेगळा काढून विकलं जाणारं लिंडेन २०१३ पासून बंद झालं, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकलं.

क्लोरीन आजच्या दोन्ही औषधांतही आहे, क्लोरपायरीफॉस आणि इमिडाक्लोप्रिडमध्ये. फरक टिकण्यात आहे.

क्लोरपायरीफॉस स्वस्त, सहज मिळणारं. पण ते मज्जासंस्थेवर काम करतं आणि वाढत्या मुलांच्या मेंदूला धोका आहे. २०२५ मध्ये तेही स्टॉकहोम कराराच्या (टिकाऊ विषारी रसायनं हटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं, काही सवलती ठेवून. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मी ते घेणार नाही.

इमिडाक्लोप्रिडला वास जवळजवळ नाही. वाळवीला ते कळत नाही, ती ते घेऊन वारुळात जाते आणि दुसरीला भरवते. म्हणून परिणाम सावकाश दिसतो. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराला फोन करून भांडू नका. काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं. मधमाश्यांना मात्र घातक, आणि पाण्यात विरघळतं. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून ते खाली उतरू शकतं, तेव्हा विहीर भिंतीलगत असेल तर जमिनीत काहीच ओतू नये. तिथे वाशांना बोरेट, म्हणजे बोरॉनच्या क्षाराचं औषध, लावावं. ते पावसात धुऊन जातं, म्हणून छपराखालच्या लाकडालाच.

आमची विहीर परसात, भिंतीपासून बारा पावलांवर. आम्ही बोरेटच घेतलं.

राहिला तो डबा. जाळू नका, ओढ्यात टाकू नका, धुऊ तर नकाच. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घालून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा.