पावडर नीट मिसळली का, हे कशाने मोजावं?

पशुखाद्य, मसाला प्रीमिक्स, औषधी गोळ्यांची पावडर करणारी छोटी युनिट्स बरीच आहेत. तुमचंही असेल आणि मोजणीची पद्धत निवडायची असेल, तर आधी एक हिशेब करा. घटक १ टक्का, सगळे कण एकाच आकाराचे आणि नमुन्यात १०,००० कण. मिश्रण अगदी यादृच्छिक झालं, तरी नमुन्यानमुन्यांत त्या घटकाच्या प्रमाणात सरासरीच्या सुमारे १० टक्के फरक पडणारच. त्यात मिक्सरचा दोष नाही, नमुना लहान आहे. म्हणून नमुना वापराइतकाच घ्या: गोळीएवढा किंवा जनावराच्या एका खुराकाएवढा.

पशुखाद्यात कोणता घटक मोजावा, तर माझी पसंती मिठाला. ते बॅचमध्ये असतंच. दहा नमुने घ्या, सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजा, सरासरीच्या तुलनेत प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले, त्याचं माप) १० टक्क्यांच्या आत आलं तर मिक्सर ठीक. खर्च नगण्य. मात्र मिठाचा खडा आणि जीवनसत्त्वाची बारीक भुकटी सारखी वागत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

औषधाला हे पुरत नाही. तिथे मार्केट यार्डात पोत्यात खुपसतात तशी नळी ब्लेंडरमध्ये घालून, ठिकठिकाणचे नमुने काढून, एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर) औषधाचं प्रमाण तपासतात. आकडा खात्रीचा, पण उशिरा येतो. शिवाय नळी आत जाताना वरची पावडर खाली ओढते आणि सहज वाहणारे कण तिच्यात जास्त शिरतात.

निअर इन्फ्रारेडला, म्हणजे पावडरवर अवरक्त प्रकाश टाकून मोजण्याच्या पद्धतीला, नमुना काढावाच लागत नाही. ब्लेंडरच्या खिडकीतून दर फेरीला स्पेक्ट्रम (परतलेल्या प्रकाशाचा आलेख) घेतात. लागोपाठच्या स्पेक्ट्रममधला फरक स्थिरावला की थांबायचं. पण त्याला काचेलगतचा पातळ थरच दिसतो. नेमके टक्के हवे असतील तर प्रयोगशाळेच्या आकड्यांशी यंत्र जुळवून घ्यावं (कॅलिब्रेशन करावं) लागतं, आणि तेही प्रत्येक रेसिपीला वेगळं. वर्षभर एकच माल काढत असाल तरच घ्या. रोज रेसिपी बदलणाऱ्याने यात पैसे अडकवू नयेत.

काहीही निवडा, एक तपासणी मात्र सोडू नका. मिक्सरमधून हॉपरमध्ये (खाली निमुळत्या साठवण-टाकीत) पडताना जाड कण कडेला घरंगळतात, बारीक मधोमध राहतात. म्हणून पोतं भरताना पडणाऱ्या धारेखाली भांडं आडवं फिरवून, पूर्ण धार छेदून नमुने घ्या. मिक्सरमधले आकडे चांगले आणि इथले वाईट आले, तर मिसळण्याची वेळ वाढवून काही होणार नाही. पडण्याची उंची कमी करा.