कुंडलिकेला पैकीच्या पैकी, बसवाल्यांना दोन

वय 58, पोहता येत नाही, गुडघा कुरकुरतो. तरी भाचीच्या हट्टापायी कोलाडच्या एका दिवसाच्या राफ्टिंगचे माणशी अडीच हजार भरले.

आधी तक्रार. बस दादर पश्चिमेला सेनापती बापट मार्गावरून पहाटे साडेचारला सुटणार होती, उगवली साडेपाचला. एसी वडखळपर्यंत नुसता घरघरत होता. रस्त्याबद्दल गणपतीला गावी जाणाऱ्यांना मी काय सांगणार! पोहे गार, आणि बायकांना कपडे बदलायला चार बांबूंना गुंडाळलेली ताडपत्री, तीही एका बाजूने उघडी.

एरवी तासाभराचा उशीर मी पोटात घातला असता. पण कुंडलिकेचं पाणी वेळापत्रकाने येतं. पावसाळा सरला की ही नदी तशी अंगाने बारीक. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की सकाळचे काही तास तिला जोर चढतो. ते पाणी पुढे गेलं की उरतात गोटे. आमची राफ्ट सगळ्यात शेवटची. खालच्या टप्प्यात ती दोनदा दगडांवर बसली आणि आम्ही आठ जण ढुंगणाने हिसके देऊन ती सोडवत होतो. हे बसवाल्यांच्या खात्यावर.

गाइड मात्र हिरा. तिथल्याच गावातला, जेमतेम पंचविशीचा. "मावशी, पाय त्या पट्ट्यात अडकवा. वल्हं सोडायचं नाही. पडलात तर उभं राहायला जाऊ नका, पाय पुढे करून पाठीवर तरंगा." हेल्मेटचा पट्टा त्याने प्रत्येकाच्या हनुवटीखाली बोट घालून तपासला. पहिल्याच खळाळात राफ्टचं नाक खाली गेलं आणि बर्फासारखं पाणी थेट तोंडावर आलं. भाची किंचाळली, मी रामरक्षा अर्धीच म्हटली.

संथ पाण्यात त्याला विचारलं, एवढं पाणी कुठलं रे? म्हणाला, मुळशीचं. मुळा नदी खरं तर पूर्वेला, पुण्याकडे जाणारी. तिला वर धरणात अडवून पाणी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याला पाडलंय, तेही 1927 पासून. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायचं पाणी रेवदंड्याला अरबी समुद्रात उतरतं. मध्ये डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी भातशेतीला जातं, रोह्याकडे कारखाने.

ही वीज मुंबईसाठी, गिरण्यांसाठी. माझे वडील परळला साच्यावर होते. याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले, पुढारी सेनापती बापट. पहाटे तासभर मी ज्या पाटीखाली डास मारत उभी होते, ते. हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, ओल्या सलवारीत कळलं!

जेवण ठीक. भाकरी गरम होती, सोलकढी पाणचट. फोटोंचे वेगळे तीनशे मागतात, देऊ नका. चेहरा हेल्मेटमध्ये दिसतच नाही.

जायचं तर आपली गाडी करून जा आणि आठच्या आत काठावर पोहोचा. चपला पट्ट्याच्या घाला. माझी एक रेवदंड्याच्या वाटेला लागली आहे.