धिंगरी की मिल्की? बेळगावकडं घरी मश्रूम करणाऱ्यांसाठी

बटन मश्रूमचा विषय आधी संपवतो. त्याला कंपोस्ट लागतं आणि उगवायच्या वेळी १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो. बेळगावच्या थंडीचं आपण कितीही कौतुक केलं तरी एसीशिवाय ते घरी जमायचं नाही. मग उरतात धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, आणि मिल्की, म्हणजे दुधासारखं पांढरं मश्रूम. दोन्ही मी घरात करून बघितल्यात.

कामाला धिंगरी सोपी, यात वाद नाही. पिंजर, म्हणजे भाताचं काड, कापून भिजवायचं, तासभर कढत पाण्यात ठेवायचं, निथळायचं आणि पिशवीत थरावर थर देत बी (दाण्यांवर वाढवलेली मश्रूमची बुरशी) पेरायचं. मुठीत दाबल्यावर पाणी टपकू नये, तळहात नुसता ओलसर व्हावा. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते आणि पुढच्या आठवड्यात झुपके दिसू लागतात. मिल्कीचंही तिथपर्यंत हेच. पण तिला नंतर वरून मातीचा थर द्यावा लागतो. माती, जुनं कुजलेलं शेणखत, थोडा चुना, आणि हे सगळं वाफवून घेतलेलं. स्वयंपाकघरात माती वाफवायला ठेवली की काय ऐकावं लागतं ते इथं लिहीत नाही. थर दिल्यावर पुन्हा दहा-बारा दिवस वाट बघायची. धिंगरी महिन्याच्या आत ताटात येते, मिल्कीला दीड महिना धरा.

हवामानाचं म्हणाल तर धिंगरीला २० ते २८ अंश आणि दमट हवा लागते. खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात ती फारसं काही न करता येते. मिल्की ३० ते ३५ अंशांत खुलते. अथणी, रायबागवाल्यांनी उन्हाळ्यात तिचाच विचार करावा, फक्त गारव्यासाठी टांगलेलं गोणपाट ओलं ठेवायचा कंटाळा नको.

इथवर पारडं धिंगरीकडं आहे. तरी मी मिल्कीवर आलो, ते धिंगरीच्या न टिकण्यामुळं. सगळ्या पिशव्या एकदम भरलेल्या असतात, म्हणून पहिला बहरही एकदमच येतो. किलोभर कोरड्या पिंजराला सगळे बहर मिळून अर्धा ते एक किलो माल निघतो आणि त्यातला मोठा वाटा पहिल्याच तोडणीत. काढायला उशीर केला तर कडा वर वळतात, पांढरी भुकटी खोलीभर बसते आणि सकाळी खोकला. काढली तर दुसऱ्या दिवशी मऊ. प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजला ठेवली तर बुळबुळीत. कागदी पिशवीत थोडी बरी राहते, पण माणसं दोन असतील तर खाणार किती?

वाळवून ठेवा, असं सगळे सांगतात. वाळते छान, दहा किलोची साधारण किलोभर होते. पण धिंगरी जोमात येते कधी? आषाढ-श्रावणात. त्या दिवसांत बेळगावात धुतलेले कपडे वाळत नाहीत, तिथं धिंगरी कुठं घालायची? गावाकडं चुलीवर शिंकाळं टांगता येईल, फ्लॅटमध्ये काय टांगणार? शेजारी द्यावी म्हटलं, तर काही घरांत श्रावणात मश्रूम चालत नाही. आणि नेमकी तेव्हाच वारुळावरची रानअळंबी बाजारात येते. ती मिळत असताना धिंगरीकडं कोण बघतंय!

मिल्की चैत्र-वैशाखात येते, फ्रिजबाहेरसुद्धा दोन-तीन दिवस घट्ट राहते. आज दोन काढल्या, परवा दोन, असं चालतं. चवीला धिंगरीइतकी नाजूक नाही, किंचित मुळ्यासारखा वास असतो. पण दांडा मांसल असल्यामुळं आपल्या लाल चटणीतल्या सुक्क्याला ती जास्त सोसते, असं मला वाटतं. धिंगरीप्रेमींनी रागावू नये.

घर दहा माणसांचं असेल, किंवा रोज माल उचलणारा हॉटेलवाला ओळखीचा असेल, तर धिंगरीच करा, माझं म्हणणं बाजूला ठेवा. दिवाळीनंतर हिवाळ्यात केली तर वाळवणीचीही अडचण येत नाही.

मिल्की करणार असाल तर सुगी झाल्यावर लगेच पिंजर घेऊन ठेवा. भिजून काळं पडलेलं नको, त्यावर हिरवी बुरशी आधी येते. बियासाठी धारवाडच्या कृषी विद्यापीठात आधी फोनवर चौकशी करा. फेब्रुवारीअखेर पिशव्या भरल्या की एप्रिलच्या मध्यावर तोडणी सुरू होते.